साखरेची बैठक



मी डॉक्टर नाही. संगणक अभियंता आहे. पुण्यातल्या कंपनीचं काम अमरावतीत घरी बसून करतो आणि महिन्यातल्या एका रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला येतो. इथे जुन्या शहरात आणि तिकडे अमरावतीत साठीच्या पुढची काही माणसं महिन्यातून दोनदा एकत्र बसतात. सगळ्यांना मधुमेह आहे. या बसण्याला आम्ही नाव दिलं नाही, पण बायका त्याला ‘शक्कर की बैठक’ म्हणतात. तिथे काय चालतं तेवढंच आज सांगतो, कारण तुमच्यापैकी काहींना आपल्या मोहल्ल्यात अशी बैठक सुरू करायची आहे.

मला पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : अॅप कधी काढतोस? याचं उत्तर अमरावतीच्या एका खालांनी माझ्याऐवजी देऊन टाकलं. “बेटा, अॅप देखने को पहले चश्मा ढूँढना पडेगा. उससे अच्छा बाजूवाली से पूछ लूँगी.” मोबाइल गोळीची आठवण करून देतो. गोळी का घेतली नाही, हे तो विचारत नाही. कधी गोळ्या संपलेल्या असतात आणि मुलाकडे पैसे मागायला जीव होत नाही. कधी लग्नाच्या पंगतीत चारचौघांत डबी काढायची लाज वाटते. ही कारणं डॉक्टरलाही कळत नाहीत, कारण बाहेर रांग असते. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत. रांग लहान कशी होणार? डॉक्टर महिन्यातून पाच मिनिटं भेटतो. उरलेला सगळा महिना पेशंटलाच निभवावा लागतो.

बैठकीत सर्वात जास्त वेळ जातो तो इन्सुलिनवर. ‘सुई लागली म्हणजे आता संपलं’ ही समजूत सगळ्यांच्या मनात असते. मी आकडे सांगितले तर कोणी हलत नाही. पण सत्तरीच्या काकूंनी पदर सावरून सगळ्यांसमोर स्वतःच्या पोटाला सुई टोचली आणि म्हणाल्या, “मले बी आदी भेव वाटे. आता भाकर थापत थापत घेतो,” तेव्हा दोघींनी पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी लिहून दिलेलं इन्सुलिन सुरू केलं.

मग प्रश्न आला ठेवायचं कुठे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं असतं. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण ते ‘बाहेर’ २५-३० अंशांचं. आपल्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ज्यांच्याकडे फ्रीज नाही, किंवा आहे पण वीज जाते, त्यांनी काय करायचं? इथे माझं इंजिनिअरिंग थोडं कामी आलं, पण युक्ती आमच्या एका चाचांची. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात झाकणाच्या कोरड्या डबीत बाटली, वर ओलं फडकं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. हा आपला कूलरच आहे. म्हणून कूलरसारखाच तो मे महिन्यात उत्तम चालतो आणि जुलैच्या दमट हवेत फारसा चालत नाही. आम्ही मडक्यात थर्मामीटर ठेवून वहीत नोंदी केल्या. फ्रीजची बरोबरी होत नाही, पण पत्र्याच्या खोलीतल्या फळीपेक्षा शंभर पटीनं बरं. आणि फ्रीज असला तरी बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजायचं.

आता रमजान. हा विषय टाळून आपल्या वस्तीत मधुमेहावर बोलताच येत नाही. २००१ मध्ये १३ देशांत केलेल्या ‘एपिडायर’ या पाहणीत टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांमध्ये रमजानच्या महिन्यात साखर धोकादायक इतकी खाली जाण्याचं प्रमाण एरवीच्या साडेसात पट आढळलं. आजाऱ्याला रोज्याची सवलत सूरह बकरामध्येच आहे, हे आपल्या म्हाताऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तरीही ते ठेवतात. घरात सगळ्यांचा रोजा आणि आपण एकट्यानं चहा प्यायचा, हे त्यांना जमत नाही. भांडून उपयोग नाही, हे आम्ही पाहिलं आहे. बैठकीत उपयोग झाला तो एका निवृत्त मास्तरांचा. त्यांनी सरळ सांगितलं की मी दोन वर्षांपासून रोजे ठेवत नाही, फिदया देतो, आणि मस्जिदीत पहिल्या सफीत बसतो. त्यानंतर तिघांनी डॉक्टरांना विचारायचं कबूल केलं. ज्यांना डॉक्टर परवानगी देतात, त्यांच्यासाठी आम्ही एक गोष्ट पाठ करून घेतो : साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा सोडायचा, इफ्तारला दहा मिनिटं उरली असली तरी. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्यानं रोजा तुटत नाही. हाताला कंप, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, गाडी बोलवायची. ‘कमजोरी आहे, झोपू द्या’ म्हणून चादर ओढून देणं, हे आपल्याकडे फार होतं.

पायांचं थोडक्यात सांगतो. ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, त्यांना मे महिन्यात दुपारच्या नमाजाला अंगणातली फरशी पोळते ते कळत नाही. संध्याकाळी फोड दिसतो. वजू करताना पाय धुतातच, तेव्हा तळवा बघायचा, बोटांच्या फटी पुसून कोरड्या करायच्या. नीट दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगायचं.

अशा बैठकांनी साखर उतरते का, असंही विचारतात. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १,००७ लोकांवर एक प्रयोग झाला. त्यांना मधुमेह नव्हता, पण धोका होता, आणि गटाचे म्होरके त्यांच्यातलेच साधे लोक होते. दोन वर्षांनी मधुमेह होण्याच्या प्रमाणात खात्रीनं सांगावा इतका फरक दिसला नाही. दारू कमी झाली, फळं-भाज्या वाढल्या, हिंडणं-फिरणं सुधारलं. त्यामुळे बैठक म्हणजे औषध, असं कोणाला सांगू नका. आमचा एकमेव कडक नियमही तोच : दुसऱ्याची गोळी कोणी वाढवायची नाही, कमी करायची नाही, कारल्याच्या रसावर बंद तर मुळीच करायची नाही. शंका आली तर दोघांनी मिळून सर्वोपचारला किंवा आपल्या डॉक्टरकडे जायचं. एकटं माणूस जात नाही, सोबत असली की जातं.

रजबचा चाँद दिसला की रोज्याबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यायचं, म्हणजे गोळ्या बदलायला दोन महिने हातात राहतात. अकोल्याच्या बायकांच्या बैठकीत सुई टोचायला शिकवणारी सध्या एकच चाची आहे आणि तिची मुलगी पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येते आहे. दुसरी कोणी तयार असेल तर चहाच्या वेळी मला भेटा. ग्लुकोमीटर सोबत आणला आहे, पण पट्ट्या पंचवीसच आहेत, तेव्हा आधी साठीच्या पुढच्यांनी यावं.