बाबांची नाइट ड्यूटी अजून संपलेली नाही

मी वाकडमधून बोलतोय. मधेच हायवेवरच्या ट्रकचा आवाज आला तर चालवून घ्या.

आजचा विषय आहे फौजी माणसाची झोप.

माझे बाबा आर्मीतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि गेल्या वर्षी माझ्याकडे राहायला आले. माझा ऑन-कॉलचा आठवडा असला की रात्री अडीचला मी लॅपटॉपसमोर असतो. एका रात्री बघतो तर बाबा दाराची कडी तपासतायत. दुसऱ्या रात्रीही तेच. विचारलं तर म्हणाले, "संत्री ड्यूटीची सवय आहे रे. तू तुझं काम कर."

मी डॉक्टरांचं नाव काढलं, तर चिडलेच. "झोप येत नाही म्हणून कुणी दवाखान्यात जातं का?" नंतर हळूच म्हणाले, की नोकरीत असताना हे बोलायची सोयच नव्हती. मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर? म्हणजे माणूस वर्षानुवर्षं जागा, पण तोंडातून शब्द नाही.

आता जरा शास्त्र. वर्षानुवर्षं रात्रीची ड्यूटी, कधीही उठवणार ही तयारी, त्यामुळे शरीर सावध झोपायला शिकतं. ड्यूटी संपते, सवय राहते. मग आपण काय करतो? झोप भरून काढायला जास्त वेळ लोळतो. तिथेच गडबड होते, कारण अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा, हेच मेंदू शिकतो.

यावरची वागणुकीची थेरपी म्हणजे सीबीटी-आय. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुन्या निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच द्या असं सांगितलं. तिचे दोन मुख्य नियम आहेत. पहिला, झोप येत नसेल तर उठा, दुसऱ्या खोलीत बसा आणि डोळे मिटायला लागले की परत या. दुसरा, अंथरुणातला वेळ कमी करा. बाबा दहा ते सहा पडून असायचे, झोप जेमतेम पाच तास. आठ तासांतले पाच म्हणजे ६२ टक्के. मग बारा ते साडेपाच एवढीच वेळ ठरवायची, आणि ८५ टक्क्यांच्या पुढे गेलं की आठवड्याला १५ मिनिटं वाढवायची.

आणि हे मोबाइलवर जमतं का? मी इंजिनिअर, त्यामुळे माझा पहिला प्रश्न हाच होता. टेक्सासमधल्या फोर्ट हूड तळावरच्या १०० सैनिकांवर अभ्यास झाला, तो २०१७ साली छापून आला. इंटरनेटवरून थेरपी घेणाऱ्यांना फायदा झाला, पण समोर माणूस बसलेल्यांना जास्त झाला. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचं सीबीटी-आय कोच नावाचं फुकट ॲपही थेरपिस्टच्या जोडीला वापरायचं म्हणूनच बनवलंय.

हे वाचायच्या आधी मी एक चूक केली होती. बाबांना स्मार्टवॉच घेऊन दिलं. ते पहाटे उठून स्कोअर बघायला लागले! ५४ दिसले की दिवसभर मूड खराब. शेवटी घड्याळ काढलं आणि एक वही दिली. कधी पडलो, कधी उठलो, बस्स. आणि डॉक्टरांकडे मी सोबत गेलो.

आपल्या पुण्यातच एएफएमसीमध्ये १ डिसेंबर २०२३ पासून सैन्यदलांसाठी टेली-मानसचा खास कक्ष सुरू झाला. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर तर सगळ्यांसाठी आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. फोन लावायला कुठल्या रजिस्टरमध्ये सही करावी लागत नाही.

एक मात्र सांभाळा. वेळ कमी करायचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नका. फिट येत असेल, बायपोलर असेल किंवा गाडी चालवायचं काम असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मोठ्याने घोरत असतील, मधेच श्वास अडकत असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो, तोही तपासून घ्या.

पहिले दोन आठवडे बाबा दिवसा पेंगायचे, माझ्यावर खेकसायचे. आता सहा तासांवर आलेत. काही रात्री अजूनही जाग येते. पण कडी एकदाच तपासतात, झोपायच्या आधी. आणि अडीचला मी एकटाच जागा असतो.

तुमच्या घरात, सोसायटीच्या गेटवर कुणी रिटायर्ड फौजी असेल, तर आज एवढंच विचारा, "काका, रात्री झोप लागते का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, वेळेवर झोपा!