खेळघराचे खुराडे
(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



अशा मंगल प्रसंगी कोणी कोंबड्यांविषयी बोलायला उभे राहावे, याचे आपणांस हसू येईल. ते आम्ही आनंदाने सोसू. कारण जे सांगायचे आहे ते आम्ही ठेच खाऊन शिकलो आहोत.

आपल्या बालवाडीतले प्लास्टिकचे खेळघर सर्वांच्या ओळखीचे आहे. लाल छप्पर, हिरवे दार, आत भातुकलीचा ओटा. मुले मोठी झाली, दाराची बिजागरी तुटली आणि ते मागच्या अंगणात पडून राहिले. ते भंगारात घालण्याऐवजी त्याचे खुराडे करावे, असे आम्हा चौघींच्या मनात आले. भिंती आहेत, छप्पर आहे; कोंबड्यांना आणखी काय हवे? सहा गावठी तलंगा आणल्या आणि आत सोडल्या.

बुऱ्हाणपूरचा उन्हाळा आपणांस सांगायला नको. एप्रिलमधल्या एका दुपारी दार लावून आम्ही कामाला गेलो. परतलो तेव्हा दोन तलंगा मरून पडल्या होत्या. उरलेल्या चारजणी चोच वासून, पंख पसरून धापा टाकत होत्या. कोंबडीला घाम येत नाही. धापा टाकूनच ती अंगातली उष्णता बाहेर घालवते. तापलेल्या, वारा न खेळणाऱ्या त्या डब्यात तिला तेही साधेना. दोष उन्हाचा नव्हता, आमचा होता. मुले त्या घरात घटकाभर खेळत आणि बाहेर पळत. कोंबड्यांना मात्र आम्ही कोंडले होते.

मग कामाला नव्याने हात घातला. खेळघर निंबाच्या सावलीत हलवले. तापलेली हवा वर चढते, म्हणून वळचणीखाली दोन्ही बाजूंनी करवतीने लांब फटी कापल्या आणि त्यांवर अर्ध्या इंचाची जोडजाळी बसवली. प्लास्टिकला खिळा ठोकला की ते तडकते. म्हणून आधी भोक पाडून, वायसर घालून स्क्रू आवळले. छपरावर केळीची वाळलेली पाने आणि गोणपाट अंथरले. उन्हाळ्यात दुपारी त्यावर पाणी शिंपडतो. केळीच्या या मुलखात पानांना तोटा नाही. उन्हाने प्लास्टिकही ठिसूळ होते, तेव्हा या आच्छादनाने घराचेही आयुष्य वाढते.

खेळघराला तळ नव्हता. मुंगूस आणि घूस खालून उकरून आत शिरतात. म्हणून खाली जाळी घातली, ती चहूबाजूंनी हातभर बाहेर काढली आणि वर दगड रचले. दाराला नवी बिजागरी आणि पक्की कडी लावली. तळावर चार बोटे लाकडाचा भुसा पसरला. तो आठवड्याला खालवर करावा, ओला झाला की बदलावा; नाहीतर उग्र वास सुटून पक्ष्यांची छाती भरते. कोंबडी रात्री उंचावर बसते, म्हणून कडा घासलेली लाकडी पट्टी दीड फुटावर आडवी बसवली. अंडी घालायला तिला अंधारा आडोसा लागतो. तो भातुकलीच्या ओट्याखाली आयताच मिळाला! जिथे लुटुपुटीचा भात शिजत होता, तिथे आता खरी अंडी मिळतात.

सुमारे चार फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद अशा या घरात रात्रीपुरत्या सहा कोंबड्या मावतात. पण दिवसा त्यांना अंगण हवेच. लोभाने संख्या वाढवू नये.

रोगाविषयीही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळला. पुढे जळगाव जिल्ह्यात आणि मार्चअखेर आपल्याच जिल्ह्यातल्या इच्छापुरात तो आला. अशा वेळी साथ पसरू नये म्हणून परसातल्या निरोगी दिसणाऱ्या कोंबड्याही माराव्या लागतात. ज्या घराचा मीठमिरचीचा खर्च अंड्यांवर चालतो, त्या घरावर काय ओढवते ते सांगायला नको. म्हणून दाणापाणी झाकलेल्या जागी ठेवावे. रानपाखरांना त्यात चोच घालू देऊ नये. मानमोडीची लस पशुवैद्याला विचारून वेळच्या वेळी टोचून घ्यावी. कोंबड्या अचानक मरू लागल्या तर लपवू नये, ताबडतोब कळवावे.

आपल्यापैकी काही घरांत अंडे चालत नाही. त्यांचा मान राखून ट्रस्टच्या स्वयंपाकघरात आम्ही अंडी आणत नाही. ज्यांना हवी ते परसातून घेऊन जातात. खत मात्र सर्वांच्या फुलझाडांना जाते.

भगिनींनो, टाकून दिलेली वस्तू दुसऱ्याला उपयोगी पडावी, हा आपल्या ट्रस्टच्या कामाचाच एक भाग आहे. पण वस्तू दिली की काम संपले असे नाही. घेणाऱ्याला ती सोसते की नाही, हे आधी पाहावे. एवढे शिकायला आम्हाला दोन जीव मोजावे लागले. आपणांस ते मोजावे लागू नयेत, म्हणून हे बोललो.