वायफाय आणि घरातील पंक्तिप्रपंच



आजचा विषय वाचून काही मंडळी मनात म्हणाली असतील, की कोपऱ्यात दिवे लुकलुकवीत बसणाऱ्या त्या राउटरचे व्याख्यानमालेत काय काम? परंतु ज्या वस्तूवरून घरोघरी तंटे होतात, तिचा विचार चार माणसांत बसून करावयास हरकत नसावी. आम्ही येथे तज्ज्ञ म्हणून उभे नाही. आमच्या हातून एक चूक झाली; तिचे कारण शोधताना जे कळले, ते सांगावे एवढाच हेतू आहे.

प्रथम ती चूक सांगतो. आमच्या घरी एका राउटरवर सात-आठ यंत्रे चालतात. कोणत्या यंत्राला आधी वाट द्यावी हे ठरविण्याची सोय अनेक राउटरांत असते. ते सेटिंग उघडण्याची विद्या घरात एकट्या आमच्याकडे. तेव्हा आम्ही पहिला मान दिला तो स्वतःच्या लॅपटॉपला. आमचे काम अडेनासे झाले आणि आम्ही प्रश्न सुटला असे समजलो.

पुढे एके दिवशी आई म्हणाली, "अरे, माझा आवाज बसलाय का रे? ताईला माझं बोलणं ऐकूच जात नाही." आमची थोरली बहीण परदेशी असते. रोज सायंकाळी मायलेकी इंटरनेटवरून बोलतात. आईला लेकीचे शब्द स्वच्छ ऐकू येत. लेकीला मात्र आईचे बोलणे तुटकतुटक पोचे. ऐंशी वर्षांच्या बाईने दोष आपल्या गळ्याला दिला आणि बोलणे आखडते घेतले. तासभर चालणाऱ्या गप्पा पाच मिनिटांवर आल्या, तरी आमच्या ते ध्यानात आले नव्हते!

दोष गळ्याचा नव्हता. दिवसभराची छायाचित्रे आणि कागदपत्रे दूरच्या साठवणीकडे पाठविण्याचे काम आमचा लॅपटॉप नेमके त्याच वेळी करीत असे. आणि त्याला पुढे घुसण्याचा परवाना आम्हीच दिलेला होता.

हे असे का होते? इंटरनेटवर आवाज काय किंवा चित्र काय, सारे लहान लहान पुड्या बांधून जाते. त्यांना पॅकेट म्हणतात. घरात येणारी वाट वेगळी, घरातून जाणारी वेगळी. आमची जाणारी वाट सेकंदाला १ कोटी बिटांची. साध्या संभाषणाला सुमारे १ लाख बिट पुरतात, म्हणजे वाटेचा शंभरावा हिस्सा. त्याची भूक मोठी नसते. त्याला वेळ गाठायची असते. मुखातून निघालेला शब्द १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला, तर संभाषणाला बहुधा बाध येत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ मानतो. आता वाटेच्या तोंडाशी १० लाख बाइटांची, म्हणजे ८० लाख बिटांची रांग साचली, तर ती सरावयास ८०० मिलिसेकंद लागतात. आईचा शब्द त्या रांगेच्या शेपटाला! छायाचित्राला मात्र तासभर उशीर झाला तरी त्याचे काही बिघडत नाही.

ही रांगेची व्याधी जुनी आहे. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बर्कली येथील प्रयोगशाळा आणि विद्यापीठ या जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांतील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा शोध घेऊन १९८८ साली उपाय प्रसिद्ध केला. त्याचे सार असे, की पुड्या हरवू लागल्या, म्हणजे वाट तुंबली असे समजून पाठविणाऱ्याने हात आवरावा. पुढे यंत्रांतील साठवणीची जागा फार मोठी झाली. पुड्या हरवेनात, नुसत्या पडून राहू लागल्या. मग पाठविणाऱ्याला इशारा वेळेवर कसा मिळणार? २०१२ साली कॅथलीन निकल्स आणि जेकबसन यांनी रांगेची लांबी न मोजता पुडी रांगेत किती वेळ तिष्ठली हे मोजण्याची युक्ती मांडली. तिच्या जोडीला प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी करून सर्वांना पाळीपाळीने वाट देण्याची पद्धत आली. आपल्या पंगतीत वाढपी एकाच पानावर भांडे रिकामे करीत नाही, प्रत्येक पानावर थोडे थोडे वाढीत जातो, तसेच हे!

तात्पर्य, अग्रक्रमाने वाट रुंद होत नाही. कोणी थांबावयाचे, एवढेच त्याने ठरते. एकाला पुढे बसविले की दुसरा आपोआप मागे जातो, आणि मागे गेलेला पुष्कळदा बोलत नाही.

मग करावे काय? घरात निजानीज असताना केबल जोडून लाइनीचा वेग मोजावा आणि राउटरात मर्यादा त्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवावी. त्यायोगे रांग बाहेरच्या यंत्रात न साचता आपल्या राउटरात, आपल्या नियमाखाली राहते. पाळीपाळीने वाढण्याची सोय राउटरात असेल तर ती चालू करावी. अग्रक्रम द्यावयाचाच झाला, तर यंत्राला न देता कामाला द्यावा: आधी बोलणे, मग शिकवणी व कचेरीची बैठक, शेवटी मोठी ने-आण, आणि ती ने-आण शक्यतो रात्री. मात्र भिंतीआडून वायफायच क्षीण येत असेल, तर यांतले काही पुरे पडणार नाही. राउटरची जागा बदलावी किंवा तार ओढावी.

आणखी एक. इंटरनेटवर काय पाहिले यावरून निरनिराळे दर लावण्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ च्या फेब्रुवारीत कंपन्यांना बंदी केली. कंपन्यांनी पंक्तिप्रपंच करू नये असे आपण आग्रहाने म्हणतो. घरातले वाढपी मात्र आपणच! आजाऱ्याला मऊ भात आधी वाढला, तर त्याला कोणी पंक्तिप्रपंच म्हणत नाही. पळी ज्याच्या हाती त्याने आपलेच पान आधी भरले, तर मात्र म्हणतात. आम्ही नेमके तेच केले होते.

आम्ही लॅपटॉपचा मान काढून घेतला, वर सांगितलेली व्यवस्था केली आणि आईला सारे कबूल केले. ती एवढेच म्हणाली, "मग आधी विचारायचंस ना."

सद्गृहस्थहो, आमचे व्याख्यान त्या एका वाक्यात आले आहे. आज घरी गेल्यावर राउटरचे सेटिंग उघडण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा. जो तक्रार करीत नाही, त्याला सर्वांत आधी विचारा.