जिवंतपणींचे चार खांदे
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगल दिवशीं गतकाळाचें स्मरण व्हावें, हें उचितच आहे. सन 1955 मध्यें अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याच्या आधींपासून ह्या वऱ्हाडभूमींत ज्यांनीं श्रम केले, त्यांचे उपकार आपण विसरूं शकत नाहीं. परंतु आम्ही आज निराळ्या विषयावर बोलणार आहों. कांहीं मुलांचीं नांवें आपल्या स्नानसंस्काराच्या नोंदवहींत आहेत. पण रविवारच्या मिस्सेला तीं मुलें क्वचितच दिसतात. कोणाची बुद्धि मंद, कोणाचे हातपाय वश नाहींत, कोणाला ऐकूं येत नाहीं. मूल मध्येंच ओरडलें तर लोक वळून पाहतील, ह्या धास्तीनें आई त्याला घेऊन घरींच बसते. "येऊं नको" असें आपण तिला कधींच म्हटलें नाहीं. पण "ये" असेंहि म्हटलें नाहीं.

कफर्णहूम गांवची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. एका पक्षघाती मनुष्याला चौघांनीं खाटेसह उचलून आणलें. दाराशीं गर्दी, म्हणून छप्पर उकललें आणि त्याला प्रभु येशूपुढें उतरविलें. त्या चौघांचीं नांवें शुभवर्तमानांत नाहींत. ते त्याचे आप्त होते कीं शेजारी, हेंहि सांगितलेलें नाहीं. खाट मात्र एकट्याला उचलली नसती, एवढें खास. आपल्याकडे कोणी वारलें, तर खांदा द्यावयास माणसें न बोलावतां येतात; जुनें वैरहि त्या दिवशीं बाजूस राहतें. मग जिवंत माणसालाच चार खांदे मिळूं नयेत काय?

ह्याच आपल्या अमरावती जिल्ह्यांत, परतवाड्याजवळ वझ्झर येथें, श्री. शंकरबाबा पापळकर ह्यांनीं टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांचा सांभाळ केला. शंभराहून अधिक मुलांना त्यांनीं बाप म्हणून आपलें नांव दिलें. भारत सरकारनें सन 2024 मध्यें त्यांना पद्मश्री देऊन गौरविलें. मूल अठरा वर्षांचें झालें म्हणून त्याला बालगृहांतून बाहेर काढूं नये, त्याचें पुनर्वसन आजन्म व्हावें, ही त्यांची अनेक वर्षांची मागणी आहे. मुलाचें वय वाढतें, पण परावलंबित्व सरत नाहीं, हें त्यांनीं जवळून पाहिलें आहे.

ज्या मुलांना आईबाप आहेत, त्यांच्या घरांतहि हाच प्रश्न रात्रीं जागा असतो: आमच्यामागें ह्याचें कोण? असें विचारणाऱ्या बापाला "देव आहे" म्हणून आपण उठून येतों. तें खरेंच आहे. परंतु देवाचे हात म्हणून आपली नेमणूक झालेली आहे, हें आपण विसरतों.

सरकारनें कांहीं मार्ग केले आहेत. सन 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वयें स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीला, ती सज्ञान झाल्यावरहि, जिल्हाधिकारी असलेल्या समितीमार्फत कायदेशीर पालक नेमतां येतो. सन 2016 च्या अधिनियमानें विकलांगतेचे 21 प्रकार मान्य केले, आणि चाळीस टक्के वा अधिक विकलांगता असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. पण दाखल्यासाठीं अकोल्यास किंवा अमरावतीस जावयाचें म्हणजे मजुरी बुडते, मोठ्या मुलाला उचलून एस. टी. त चढवावें लागतें, आणि घरची लहान लेंकरें कोणापाशीं ठेवावीं हा प्रश्न उरतोच. कायदा कागदावर असतो. त्या कागदापर्यंत पोंचावयास माणूस सोबत लागतो.

बेल्जम देशांत गेल नांवाचें गांव आहे. तेथें संत डिंफ्ना हिच्या देवळाला येणाऱ्या मनोरुग्णांना गांवच्या गृहस्थांनीं मध्ययुगापासून आपल्या घरीं ठेवून घेतलें. ती चाल अद्यापि आहे. रुग्णालय तेथें मागाहून झालें, शेजारधर्म आधीं होता.

म्हणून आम्ही चार खांद्यांचीं चार कामें सुचवितों. एकानें दाखल्याच्या दिवशीं सोबत जावें. दुसऱ्यानें आठवड्यांतून एक दुपार मुलापाशीं बसावें, म्हणजे आईला बाजार करतां येईल, निदान झोप तरी मिळेल. तिसऱ्यानें मिस्सेच्या वेळीं त्या कुटुंबाला आपल्या बाकावर जागा द्यावी, आणि मूल ओरडलें तरी वळून पाहूं नये. चौथें काम सर्वांत अवघड: आईबापांच्या हयातींतच दुसऱ्या एखाद्या कुटुंबानें त्या मुलाला लळा लावावा. पालक कागदानें नेमतां येतो. लळा नेमतां येत नाहीं.

पुढच्या महोत्सवापर्यंत आपल्यापैकीं कित्येक जण नसतील. आपल्याला खांदा द्यावयास तेव्हां चौघे येतीलच. त्याआधीं आपण कोणाला तरी जिवंतपणीं खांदा दिलेला असावा, एवढीच प्रभूपाशीं प्रार्थना.