नोकरी सुटल्यानंतरची दिशा

मेटा कंपनीनें २०२२ च्या नोव्हेंबरांत ११,००० हून अधिक, आणि गूगलच्या मूळ कंपनीनें २०२३ च्या जानेवारींत सुमारें १२,००० माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. अशा लाटेंत सांपडलेला मनुष्य अर्ज धाडूं लागतो. वर्ष सरतें, शिल्लक आटते, आणि 'कांहीं कळलें का?' हा घरच्यांचा साधा प्रश्नहि बोचूं लागतो. मग तो जुन्याच पदाची वाट पाहत बसतो, किंवा बाजारांत गाजणाऱ्या नव्या विद्येमागें धांवतो.

कोबोल या संगणकभाषेचें उदाहरण घ्या. ती १९५९ सालीं आंखली गेली. २००० साल उजाडण्यापूर्वीं दोन आंकडी सालांचा घोटाळा निस्तरण्यास तिच्या जाणकारांना मोठी मागणी आली; काम संपतांच ती ओसरली. तरी कित्येक बँकांचे व्यवहार आजहि तिच्यावर चालतात. भाषेचा भाव असा वरखालीं होतो. खातें, व्याज आणि ताळा यांची जाण मात्र भाषा बदलली तरी उपयोगीं पडते.

म्हणून दिशा ठरवितांना 'कोणतें पद मिळेल?' याआधीं 'आजवर कोणाची अडचण आपण दूर केली?' असें त्यानें स्वतःस विचारावें. उत्तर बँक असो, रुग्णालय असो वा शाळा. तेथील एखादें लहान काम, अल्प मोबदल्याचें का होईना, महिनाभर करून पाहावें. शिल्लक किती महिने पुरेल हें घरच्यांपासून लपवूं नये. सर्वांनीं मिळून मुदत ठरवावी. मुदत ठरली म्हणजे भीति आटोक्यांत येते, आणि निर्णय घाईनें न होतां विचारानें होतो.