उंबरठ्यावरची तपासणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कवितेच्या गावचा माणूस. मात्रा मोजण्यात आयुष्य गेलं. एखादी मात्रा कमी-जास्त झाली तर ओळ लंगडते, जाणकार नाक मुरडतात; पण सभागृहाचं छत काही कोसळत नाही. संगणकाच्या जगात मात्र एका आकड्याच्या फरकानं छत कोसळलं. त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती. ‘क्राउडस्ट्राइक’ या अमेरिकन सुरक्षा कंपनीनं आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर एक छोटीशी फाइल पाठवली आणि जगभर पडदे निळे पडू लागले. ७८ मिनिटांत कंपनीनं ती मागे घेतली. पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्यात ८५ लाख संगणकांना फटका बसला होता. बँका, रुग्णालयं, विमानतळ यांची कामं अडली. आपल्याकडे काही विमानतळांवर तर प्रवाशांच्या हाती चक्क हातानं लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

माझा भाचा संगणकातला. त्याला विचारलं, “अरे, एका फाइलनं एवढं होतं?” तो म्हणाला, “मामू, फाइल कुठं वाचली गेली ते बघा ना. कर्नलमध्ये!” मला आधी लष्करातला कर्नलच आठवला!

हा कर्नल म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. मेमरी, डिस्क, कीबोर्ड, सगळ्यांच्या किल्ल्या याच्या कमरेला. आपण वापरतो ते प्रोग्रॅम बाहेर ओसरीवर बसलेले असतात. त्यातला एखादा कोसळला तर तेवढाच कोसळतो, घर चालू राहतं. पण गाभ्यातच घोटाळा झाला, तर आहे ती माहिती नासू नये म्हणून प्रणाली स्वतःच सगळं थांबवते. निळा पडदा तो हाच.

म्हणून ओसरीवरून आत येणारी प्रत्येक गोष्ट उंबरठ्यावर तपासायची, असा दंडक आहे. प्रोग्रॅम म्हणतो, ‘अमुक पत्त्यावर, एवढ्या लांबीचा माझा मजकूर आहे, तो फाइलमध्ये लिही.’ कर्नलनं विचारायचं, हा पत्ता खरंच तुझ्या हद्दीतला का? लांबी हद्दीबाहेर तर जात नाही ना? आणखी एक बारकावा आहे. बँकेत पैसे काढायची स्लिप कॅशियर आधी स्वतःच्या हातात घेतो, मग तपासतो. ती आपल्याच हातात ठेवून तपासली आणि त्याची मान वळताच आपण एक शून्य वाढवलं तर? म्हणून कर्नलनंही आधी नक्कल स्वतःकडे घ्यायची, ती तपासायची आणि काम त्या नकलेवरच करायचं. लिनक्समध्ये यासाठी ‘कॉपी फ्रॉम यूजर’ नावाची सोयच आहे.

हे विसरलं की काय होतं? लिनक्समधल्या ‘व्हीएमस्प्लाइस’ या सोयीत पत्त्याची अशी एक तपासणी राहून गेली होती. २००८ साली ते उघडकीला आलं. साध्या वापरकर्त्यालाही त्या फटीतून संगणकाच्या सगळ्या किल्ल्या मिळवता येत होत्या.

आता २०२४कडे परत येऊ. इथं दारात कुणी परका नव्हता. कर्नलमध्ये बसलेला रखवालदार क्राउडस्ट्राइकचा आणि त्याला आलेली चिठ्ठीही क्राउडस्ट्राइकचीच! नियमांच्या आराखड्यात रकाने होते २१ आणि रखवालदाराला मिळणारी माहिती होती २० रकान्यांची. काही महिने हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आधीच्या चिठ्ठ्यांमध्ये एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ एवढंच असायचं. त्या दिवशीच्या चिठ्ठीनं पहिल्यांदाच त्या रकान्यातलं नेमकं काही तपासायला सांगितलं. रखवालदारानं एकविसाव्या कप्प्यात हात घातला. तो कप्पा नव्हताच! हात परक्या जागेत गेला आणि घर बसलं.

चिठ्ठी पाठवण्याआधी ती तपासणारा एक प्रोग्रॅम होता. पण रकाने २१च मिळणार, असं त्यानंही धरलेलं. आणि ‘कप्पे किती आहेत’ हे ऐन वेळी मोजण्याची तपासणी रखवालदाराकडे नव्हती. ती नंतर, त्याच महिन्यात बसवण्यात आली.

चूक लहान, पण ती निस्तरायला माणसं लागली. संगणक सुरू होता होताच कोसळत असल्यानं दुसरी फाइल पाठवून भागेना. हजारो ठिकाणी तंत्रज्ञ एकेका यंत्रासमोर बसले आणि हातानं ती फाइल काढत राहिले. विमानतळावर लेकराला मांडीवर घेऊन ताटकळलेल्या बाईला विसावा-एकविसावा काय ठाऊक? भुर्दंड मात्र तिनंच भरला.

आपल्याकडे तपासणी म्हटली की माणसं दुखावतात. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ म्हणतात. मला वाटतं, मोजून घेण्यात अविश्वास नसतो. घरच्या माणसानं आणलेले पैसेही आपण मोजून घेतो. ते चोर म्हणून नाही, तर चुकू शकतात म्हणून. आणि ज्याच्या कमरेला सगळ्यांच्या किल्ल्या आहेत, त्यानं तर ‘आपलाच आहे’ म्हणून कुणालाही न मोजता आत घेऊ नये. कारण तो चुकला, तर एकटा पडत नाही.