हातात डबा घेतलेला गवई : बिल विदर्स
(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



ब्लॅक पँथरवर बोलायचं असतं तर काम सोपं होतं. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी जे नाव घेतलं, ते त्यांच्याकडूनच. काळं जाकीट, बंदूक, वळलेली मूठ – ही चित्रं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. पण त्याच १९७२ च्या जुलैत अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या नंबरावर जे गाणं वाजत होतं, ते एका वेगळ्याच काळ्या माणसाचं होतं. त्याच्या पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर तो कारखान्याच्या दाराशी उभा आहे. हातात मूठ नाही, जेवणाचा डबा आहे. बिल विदर्स त्याचं नाव.

हा माणूस जन्मला ४ जुलै १९३८ ला. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. आता कुणाचं स्वातंत्र्य, ते सोडा. गाव स्लॅब फोर्क, राज्य वेस्ट व्हर्जिनिया, धंदा एकच : कोळशाची खाण. रुळाच्या एका अंगाला गोरे, दुसऱ्या अंगाला काळे. आपल्याला हा नकाशा कुणी समजावून सांगायला नको. सहा भावंडांत हा धाकटा. बाप खाणीत राबला आणि पोरगं तेरा वर्षांचं असताना मेला. पोरगं तोतरं. 'तुझ्याच्यानं काय व्हायचंय' हे ऐकतच वाढलं. जीव लावला तो आजीनं, आईच्या आईनं. पुढं त्यानं तिच्या हातांवर गाणं केलं. चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे, दुखणारे, पोराला पडताना सावरणारे हात. बाई म्हातारी, काळी, गरीब. आणि गाण्यात तिच्या रूपाचं वर्णन नाही, उपदेश नाही, नुसते हात. आमच्या कवींनी 'आई' या शब्दाचा जो चोथा केलाय, त्यांनी हे गाणं एकदा ऐकावं.

आणखी एक गोष्ट त्यानं म्हातारपणी एका मुलाखतीत सांगितली. चार वर्षांचा असताना त्याला पहिला धडा मिळाला तो असा : चुकून गोऱ्या बायकांच्या संडासात शिरलास तर तुझ्या बापाला मारून टाकतील. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या पोराला गोऱ्या बाईशी बोलल्याच्या आरोपावरून ठार मारलं, तेव्हा बिल सतरा वर्षांचा होता. म्हणजे तो धडा पोकळ नव्हता.

हा संडास लक्षात ठेवा. तो पुढं परत येणार आहे.

खाणीत उतरायचं नाही हे त्यानं पक्कं केलं आणि नेव्हीत गेला. नऊ वर्षं काढली. विमानाची यंत्रं दुरुस्त करायला शिकला, तोतरेपणाशी झुंजला. बाहेर पडल्यावर कॅलिफोर्नियात दुधाचा रतीब घातला. मग विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत. ओकलंडच्या एका क्लबात एकदा लू रॉल्स हा नावाजलेला गायक उशिरा आला. मॅनेजर येरझाऱ्या घालत बोंबलत होता, की याला आठवड्याला दोन हजार डॉलर मोजतो आणि याला वेळेवर यायला होत नाही. बिलला तेव्हा तासाला तीन डॉलर मिळत. हिशेब करा. चाळीस तासांचे एकशे वीस. त्यानं तो हिशेब केला, गहाणवट्याच्या दुकानातून स्वस्तातली गिटार घेतली आणि आपली आपण शिकायला लागला. कला, प्रेरणा, सरस्वती असलं काही तो सांगत नाही. मजुरी परवडत नव्हती, म्हणून गाणं. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

१९६७ साली तो लॉस एंजेलिसला आला. दिवसा वेबर एअरक्राफ्ट या कारखान्यात बोईंग ७४७ साठी संडास बनवायचं काम. पगारातून पैसे वाचवून स्वखर्चानं गाणी रेकॉर्ड करायची आणि कंपन्यांची दारं ठोठवायची. शेवटी क्लॅरन्स अवांट या काळ्या माणसाच्या ससेक्स या छोट्या कंपनीनं त्याला घेतलं. बुकर टी. जोन्सनं रेकॉर्ड बसवली. मधेच कंपनीचे पैसे संपले आणि काम काही महिने ठप्प. १९७१ साली रेकॉर्ड आली तेव्हा हा बत्तीस वर्षांचा. या धंद्यात पोरं बत्तिशीत म्हातारी ठरतात. तो डब्याचा फोटो कारखान्यातच, जेवणाच्या सुट्टीत काढलेला. गाणं गाजलं तरी त्यानं नोकरी सोडायची घाई केली नाही. गाण्याच्या धंद्यावर त्याचा विश्वास नव्हता, आणि तो बरोबर होता. झालं काय, तर कारखान्यानंच त्याला कमी केलं. आणि मग एकाच दिवशी दोन पत्रं आली. एक कामावर परत या म्हणून. दुसरं जॉनी कार्सनच्या टेलिव्हिजन कार्यक्रमात गायला या म्हणून.

ज्या गाण्यानं हे घडवलं, 'एन्ट नो सनशाइन', ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेलं होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली. त्यात एका जागी तो दोनच शब्द सव्वीस वेळा म्हणतो. तिथं त्याला आणखी ओळी लिहायच्या होत्या. साथीदार म्हणाले, राहू दे असंच. जुन्या ब्लूजमध्ये हेच असतं, दुःखाला शब्द पुरत नाहीत तेव्हा माणूस तोच शब्द घासत राहतो. गाणं खपलं, बक्षिसं आली आणि कंपनीनं त्याला भेट दिली – सोन्याच्या मुलाम्याची संडासाची सीट.

हसा. तिथंही हसले. त्याच्या देशात संडास बनवणं हा कामगाराचा धंदा होता, जन्मानं कपाळी मारलेला नव्हता. म्हणून तो विनोद त्याला पचला. आपल्यातल्या कुणा गटारात उतरणाऱ्याच्या पोराला असलं बक्षीस स्टेजवर दिलं असतं तर त्याचा अर्थ काय झाला असता? विनोदालासुद्धा जात असते.

आता आपले काही साथी म्हणतात, हा प्रेमाची गाणी गाणारा, याचा चळवळीशी काय संबंध? त्यांना मी ६ ऑक्टोबर १९७२ ची कार्नेगी हॉलची मैफल ऐकायला सांगतो. त्यात व्हिएतनामहून परतलेल्या पोराचं गाणं आहे. उजवा हात गेलाय, डाव्या हातानं लिहिता येत नाही, म्हणून आईला पत्र लिहून द्या अशी विनवणी करतोय. घोषणा एक नाही. निक्सनचं नाव नाही. पण युद्धावर कोण गेलं आणि कुणाचा हात तुटला ते कळल्याशिवाय राहत नाही. आणि 'लीन ऑन मी', ते जुलैचं गाणं, स्लॅब फोर्कच्या शेजाऱ्यांचं आहे. शहरात आल्यावर त्याला कळलं, की इथं कुणी कुणाकडं वाटीभर साखर मागायला जात नाही.

मग धंद्यानं दात दाखवले. ससेक्सशी पैशावरून भांडण झालं. कंपनी काळ्या माणसाची, तरी पैसे अडकलेच. रंग एक असला म्हणून हिशेब चुकता होतो असं नाही. हे आपण आपल्या घरातही ओळखावं. १४ एप्रिलला रात्रभर आमच्या पोरांकडून गाणी गाऊन घ्यायची आणि पहाटे शाल-नारळ देऊन वाटेला लावायचं, ही लबाडी आपलीच आहे. रागाच्या भरात बिलनं रेकॉर्ड केलेला एक अख्खा अल्बम पुसून टाकला. १९७५ मध्ये ससेक्स बुडाली, तो कोलंबिया या बड्या कंपनीत गेला आणि जुनी गाणीही तिच्याच हाती गेली. तिथं गोरे अधिकारी त्याला काळं संगीत कसं असावं ते शिकवू लागले. एकानं सुचवलं, एल्व्हिस प्रिस्लेचं 'इन द घेटो' गा. गोऱ्या गायकानं गायलेलं काळ्या वस्तीचं दुःख, ते काळ्यानं उसनं घ्यायचं! अशा लोकांना त्यानं नाव ठेवलं : 'ब्लॅक्सपर्ट'. आपल्याकडे दलित साहित्यावर परिसंवाद झोडणारे, आमची भाषा किती शिवराळ असली म्हणजे अस्सल, हे ठरवणारे पांढरपेशे समीक्षक आठवले ना? त्यांच्यासाठी शब्द आयता मिळाला.

१९७८ नंतर सात वर्षं कोलंबियातून त्याचा अल्बम नाही. त्या काळातलं मोठं गाणं, ग्रोव्हर वॉशिंग्टनबरोबरचं 'जस्ट द टू ऑफ अस', दुसऱ्याच कंपनीकडून १९८१ साली गाजलं. १९८५ ला शेवटची रेकॉर्ड. मग त्यानं दुकान बंद केलं. सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी. लोक म्हणाले, संपला. पण १९८७ ला दुसऱ्यांनी गायलेलं 'लीन ऑन मी' पुन्हा पहिल्या नंबरावर गेलं, आणि लिहिणारा म्हणून बक्षीस घरी बसलेल्या बिलला मिळालं. लिखाणाचा हिशेब बायको मार्शा बघायची. दारू नाही, सुई नाही, कर्जात मेला नाही. काळ्या गायकांच्या चरित्रात हे किती दुर्मिळ आहे ते जाणकारांना विचारा. मी त्याच्या गप्प बसण्याला पळ म्हणत नाही. मी त्याला संप म्हणतो. एकट्यानं पस्तीस वर्षं चालवलेला.

३० मार्च २०२० ला तो एक्क्याऐंशीव्या वर्षी हृदयाच्या दुखण्यानं गेला. बातमी चार दिवसांनी आली. जग कोरोनानं कोंडलेलं होतं, आणि त्या दिवसांत लोक आणि दवाखान्यातले कामगार त्याचंच शेजाऱ्यांचं गाणं म्हणत होते.

कार्नेगी हॉलची रेकॉर्ड मी आणलीय. आधी ते हात गेलेल्या पोराचं गाणं लावू या. इंग्रजी कळलं नाही तर विचारा, ओळ ओळ थांबवून सांगतो.

जय भीम.